बंद पडदा
पिकू लागलेल्या केळ्यांचा वास आला की मला रावेरची ती दुपार आठवते. केळी पाठवणाऱ्या एका ऑफिसात युनिक्सचा संगणक होता, यंत्र एकच आणि प्रत्येकाच्या टेबलावर त्याचा एकेक पडदा. सकाळी नीट चालायचा, दुपारी अडायचा, म्हणून दुरुस्तीला मला धुळ्याहून बोलावलं होतं. जेवणाची सुट्टी होती, कोणी काम करत नव्हतं, तरी साधी पावती निघेना. बाहेर भरलेले ट्रक उन्हात तापत होते आणि ड्रायव्हर खिडकीत येऊन सारखे विचारत होते, "झालं का, भाऊ?" घामेजल्या बोटांनी मी संगणकालाच विचारलं, आत कोण काम करतंय? सगळी ताकद एकच नाव खात होतं, हेडक्लार्क नानांचं. नाना तर समोर भरीत-भाकरी खात होते. "मी पडदा बंद करूनच उठतो रोज," ते म्हणाले, "त्यालाबी आराम पाहिजे ना." पडदा विझला होता, पण नानांचा प्रोग्राम आत तसाच राहून पुढचा आकडा मागत होता, थांबून श्वास न घेता. मी तो बंद केला आणि प्रिंटर खडखडला. आता रिटायर झाल्यावर दुपारी मीही डोळे मिटून पडतो. बायको हळूच दार लोटते, तिला वाटतं मला झोप लागली.