गाडी पाहिजे, गाडीवाला नको

इतकी वर्षं झाली तरी त्या लग्नाची गोष्ट निघाली की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, सोडा आता. मी सोडत नाही.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाचं हे सांगतो आहे. फौजेत मोटारी दुरुस्त करायच्या तुकडीत नोकरी करून मी घरी परतलो होतो आणि खामगावात एका गॅरेजात लागलो होतो. राहायला मात्र गावातच, पिंपळगाव राजाच्या अलीकडे. सायकलने जायचो, सायकलने यायचो. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या वस्तीत आम्ही बदललो होतो. गावात काही बदललं नव्हतं.

खामगावच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये पूर्वी एक इंग्रज साहेब होता. तो विलायतेला गेला आणि आपली मोटार मागे ठेवून गेला. दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची, सायकलीसारख्या तारांच्या चाकांची गाडी. शर्यतीसाठीच जन्माला आलेली. नव्या शेटने ती सरकीच्या पोत्यांमागे ढकलून दिली होती. मी त्यांच्या ट्रकचं इंजिन बांधायला गेलो तेव्हा ती पाहिली. शेट म्हणाला, "घेऊन जाय बे हे भंगार. जागा तरी मोकळी होईन."

बैलगाडीमागे बांधून मी ती गावात आणली. मी स्टेअरिंगवर, पुढे बैल. लोक हसले. हसू द्या म्हटलं.

घराशेजारी पत्र्याचा मांडव घातला आणि गाडी उघडायला घेतली. पत्र्याखालची लाकडी चौकट वाळवीने खाल्ली होती. ती मी सागाच्या लाकडाची नव्याने करवून घेतली. गादीत उंदरांचं घर होतं. बायकोने ती उसवली, नवा कापूस भरला आणि तंबूच्या कापडाची खोळ शिवली. छत तिनेच शिवलं. इंजिनाच्या हेडखाली सांधा बंद ठेवणारं तांब्याचं गॅस्केट नवं कुठून आणणार? जुनंच शेगडीत लाल केलं, पाण्यात विझवलं, मऊ झालं, पुन्हा बसवलं. व्हॉल्व घासायला लागले तेव्हा बायको म्हणाली, "हे तर ताक घुसळल्यासारखंच हाये." आणि खरंच, काठीच्या टोकाला व्हॉल्व चिकटवून तिने ती रवीसारखी दोन्ही तळहातांत फिरवायला घेतली. माझ्यापेक्षा तिचा हात सारखा चालायचा. व्हॉल्वच्या कडेला सगळीकडून एकसारखी राखाडी रेघ आली की ती मला हाक मारायची.

पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्बोरेटर दोन होते. दोन्हींनी सारखी हवा ओढली नाही तर इंजिन खोकायचं. रबरी नळी कानाला लावून आधी एकाचा श्वास ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. पेट्रोलचा पंप विजेवर चालायचा. चावी फिरवली की टक टक टक आवाज यायचा, मग थांबायचा. कधी पंपच अडकायचा. त्याला पेचकसाच्या लाकडी मुठीने हळूच ठोकलं की पुन्हा सुरू. असल्या सगळ्या खोडी आम्हा दोघांना पाठ झाल्या.

गाडी सुरू झाली त्या दिवशी अख्खी वस्ती जमली. माझा मोठा भाऊ तेवढा आला नाही. तो पाटलाकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर. लांबूनच म्हणाला, "चालवजो, पन गावातून नोको नेऊ. बाहेरून ने." मी त्याचं ऐकलं नाही. बायकोला शेजारी बसवलं आणि पाटलाच्या दारावरून, चावडीसमोरून गाडी नेली. लोक नुसते पाहत राहिले.

पाटलाचा मुलगा अमरावतीला कॉलेजात होता. सुट्टीत आला की आमच्याकडे यायचा, बापाला न सांगता. गाडीत बसायचा, इंजिनाचं सगळं विचारायचा, आमच्या कपात चहा प्यायचा. "हे शिवाशिवीचं वगैरे आता मेलंच समजा," असं म्हणायचा. बायकोला वहिनी म्हणायचा. मला तो आवडायचा. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

त्याचं लग्न ठरलं आणि पाटलाने मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. पाटील ओट्यावर, मी खाली.

"गाडी झ्याक केली बे तू," पाटील म्हणाला. "पोराच्या लग्नात पाह्यजे. नवरदेव गाडीत बसून मारुतीले जाईन. गावानं असं कधी पाह्यलं नसंन."

मी म्हणालो, "आनतो. धुऊन, पुसून आनतो."

"तू कायले येतं? गाडी पोचवून दे. आमचा डायवर चालवन."

"तुमचा डायवर ट्रक चालवते. ही गाडी त्याच्यानं नाई होनार."

पाटील हसला. मग हसणं ठेवून म्हणाला, "तू चालवशीन म्हनजे नवरदेव तुह्या मांडीले मांडी लावून बसन. देवाले जाऊन राह्यला तो. समजून घे ना बे."

मी समजून घेतलं. चांगलंच समजून घेतलं. माझ्या हातांनी घासलेलं इंजिन चालतं, माझ्या बायकोने शिवलेल्या गादीवर नवरदेव बसलेला चालतो. आम्ही दिसायला नको. मी नाही म्हणून निघून आलो.

संध्याकाळी भाऊ आला. दारातच बसला. म्हणाला, "माहं साल हाये त्याच्याकडे. लेकरं हायेत मले. एका दिवसाची गोष्ट, देऊन टाक." मी तावातावाने बोललो. त्याने वाद घातलाच नाही. पुन्हा तेच म्हणाला, "देऊन टाक." ज्या भावाने मला शाळेत घातलं, फौजेत जाताना स्टेशनवर सोडलं, तो दारात बसून असं म्हणत होता. मी चावी त्याच्यापुढे टाकली.

लग्नाच्या दिवशी मी घरीच बसलो. बँड ऐकू आला. मग गाडीचा आवाज आला आणि माझे दात आंबले. तो ट्रकवाला क्लच अर्धा दाबून इंजिन बोंबलवत होता. गिअर टाकताना दातावर दात घासल्याचा कर्रकन आवाज व्हायचा. तो मला घरात बसून सोसावा लागत होता. मग आवाज बंद झाला. बँड चालूच. थोड्या वेळाने पाटलाचा माणूस धावत आला.

"चाल लवकर. गाडी बंद पडली चावडीपाशी. पाटील बोलावून राह्यले."

बायको म्हणाली, "जाऊ नोका. ढकलू द्या त्यायले."

मी गेलो. कारण गाडी माझी होती.

चावडीसमोर गर्दी. नवरदेव बाशिंग बांधून गाडीत घामाघूम. ट्रकवाल्याने बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला होता, पंपापुरता जीव तेवढा तिच्यात उरला होता. मी त्याला खाली उतरवलं. चावी फिरवली. टक टक नाही. पंपच अडकला होता. बॉनेटची बाजू उघडून पेचकसाच्या मुठीने ठोकलं, पंप बोलायला लागला. पुढे हँडल घालून एक हिसका दिला आणि इंजिन सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मी स्टेअरिंगवर बसलो, आवाज ऐकत. कार्बोरेटर ठीक होते.

पाटील जवळ आला. "झालं ना? उतर आता."

मी म्हणालो, "नाई."

"काय म्हनलं?"

"गाडी माही हाये. मी चालवतो. नवरदेवाले बसाचं असंन तर बसू द्या, मारुतीपर्यंत नेतो. नसंन बसाचं तर उतरू द्या."

बँड थांबला. मागून कुठून तरी माझा भाऊ पुढे आला. वरातीतल्या बैलगाडीवर होता तो, कासरा टाकून आला. त्याने आधी पाटलापुढे हात जोडले, मग माझ्यापुढे. माझ्यापुढे! "उतर रे, बाबू," म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं. त्या जोडलेल्या हातांनी माझ्या अंगाची जी आग झाली ती पाटलाच्या कुठल्याच शब्दाने झाली नव्हती.

मी नवरदेवाकडे पाहिलं. तो माझ्यापासून वीतभर अंतरावर बसला होता. मी त्याला हळूच म्हणालो, "तुमी सांगा. तुमी म्हनान तसं."

तो माझ्याकडे वळला नाही. बापाकडे पाहिलं त्याने. मग मांडीवरची शाल गोळा केली, दार उघडलं आणि उतरला. शालीचं टोक दारात अडकलं, ते त्याने ओढून घेतलं.

मी गाडी वळवली. लोकांनी वाट दिली. बॉनेटवर झेंडूच्या माळा होत्या, त्या तशाच घेऊन मी घरी आलो. बायकोने एकेक माळ तोडून शेळीपुढे टाकली.

भावाचं साल गेलंच. हात जोडूनही गेलं. तो माझ्याकडे येऊन ओरडला, "तुले काय लागत होतं उतराले?" मी पण ओरडलो. "तुले काय लागत होतं हात जोडाले?" पुढे तो साखरखेर्ड्याला बायकोच्या माहेरी मजुरीला गेला. परत आला तेव्हा आम्ही बोलत होतो, पण ते दोन प्रश्न दोघांमध्ये तसेच राहिले. शेवटी तो वारला. माझ्या गाडीत एकदाही न बसता.

लग्नानंतर काही दिवसांनी, मी कामावर असताना आणि बायको नदीवर गेलेली असताना कोणी तरी टायर चिरले आणि पेट्रोलच्या टाकीत माती घातली. पोलिसाने विचारलं, "कोनी पाह्यलं का?" कोणी पाहिलं नव्हतं. भर दिवसा, वस्तीला लागून, आणि कोणी पाहिलं नव्हतं. "मंग कोनावर लिहू?" तो म्हणाला आणि निघून गेला.

मांडवात काम करायचं मी बंद केलं. चार जणांनी गाडी ढकलून रस्त्यावर आणली, जिथून पाटलाची माणसं शेतावर जात-येत. तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही दोघांनी ती पुन्हा उघडली. टाकी काढून रॉकेलने खळबळून धुतली, पुन्हा धुतली. नळ्या फुंकल्या. कार्बोरेटर सुटे करून धोतराच्या चिंध्यांवर मांडले. बायको डोक्यावर पदर घेऊन रस्त्यात बसली आणि व्हॉल्व घासू लागली. जाणारे थांबायचे. ती मान वर करून म्हणायची, "पाहून घ्या. आता कोनी काही केलं तर पाह्यलं नाई म्हनू नोका."

टायर मिळेपर्यंत बराच काळ गेला. मिळाले तेव्हा आम्ही बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, पाटलाच्या दारावरून खामगावला गेलो. दर बाजाराला जात राहिलो. पुढे गाव सोडून खामगावातच घर केलं. भिऊन नाही. नोकरीसाठी. हेही सांगून ठेवतो, कारण गावात दुसरंच सांगतात.

तो नवरदेव मोठा वकील झाला. पुष्कळ वर्षांनी एकदा खामगावच्या बाजारात समोरून आला. ओळखलं त्याने. "तुम्ही" म्हणाला. "तुमची ती गाडी काय सुंदर होती हो. मी अजून लोकांना सांगतो. आणि खरं सांगू, मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं."

"वाटलं होतं, तर उतरले काऊन?" मी विचारलं.

तो हसला. "बाबा होते ना समोर."

मी म्हणालो, "तुमचे बाबा समोर होते. माझा भाऊबी समोरच होता, हात जोडून. तो दिसला नाई तुमाले?"

तो चहा घेऊ या म्हणाला, हॉटेल समोरच होतं. मी म्हणालो, तुम्ही आमच्या घरी पुष्कळ प्यायलात, आता राहू द्या. आणि भाजी घ्यायला पुढे निघून गेलो.