बाईंची वरची खोली

बाईंच्या मुलाचा, प्रदीपचा, नागपूरहून फोन आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. "ताई, आई गेली... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवून बाहेर आले, बादलीतला उरलेला कपडा पिळला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. अंगण बाईंचं, दोरी बाईंनी बांधलेली, घरही बाईंचंच. मी त्यांची भाडेकरू... आयुष्यात दोनदा झालेली. या गोष्टीला दीड महिना होऊन गेला, तरी कुणी फाटक वाजवलं की वाटतं, आतून त्यांचा आवाज येईल, "कोन हाय वो?"

सुमनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. यजमान एसटीत ड्रायव्हर. दोघांनी मिळून वर्ध्याजवळ सावंगीला हे घर बांधायला काढलं आणि स्लॅब पडायच्या आधीच यजमान गेले. बाईंनी एकटीनं ते पुरं केलं, खाली स्वतः राहिल्या आणि वरची खोली शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ठेवली. नव्वदच्या दशकात सावंगीत मोठा दवाखाना आणि कॉलेज आलं, तेव्हा घराघरावर 'रूम भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लागल्या होत्या. आम्ही रोहण्याचे, बाबांचं कापडाचं दुकान. नर्सिंगला माझा नंबर लागला आणि बाबा मला घेऊन खोली शोधायला आले. बाईंचीच खोली आम्ही सगळ्यांत आधी पाहिली. मोठी खिडकी, भरपूर हवा, खाली एकटी बाईमाणूस... बाबांना पसंत पडली. मग त्यांनी आडून आडून विचारायला सुरुवात केली, मूळ गाव कोणतं, नातेवाईक कुठले. बाईंनी त्यांना फार शोधू दिलं नाही.

"आम्ही बौद्ध हावो, भाऊ. पोरगी तुमची हाय, तुम्हीच ठरवा. पानी घ्या."

बाबांनी पेला हातात घेतला आणि न पिताच स्टुलावर ठेवला. "घरी इचारून सांगतो," म्हणाले. आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि दुपारभर उन्हात फिरलो. एका ठिकाणी खिडकीच नव्हती, दुसऱ्या ठिकाणी जिन्याखाली कॉट टाकून त्यालाच खोली म्हणत होते. शेवटी बसथांब्यावर मी बसकण मारली. "बाबा, मले तीच खोली पाह्यजे. नाईतर मी घरी येतो, शिकत नाई." बाबा उठून परत त्याच घराकडे चालू लागले. बाईंनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि आत जाऊन पुन्हा पाणी घेऊन आल्या. बाबा ते घटाघटा प्यायले आणि त्यांनी आणखी मागितलं. त्या विषयावर दोघं जन्मात बोलले नाहीत. पुढे मात्र दर हिवाळ्यात बाबा तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन मला भेटायला यायचे आणि माझ्याशी चार शब्द बोलून तासभर बाईंशी गप्पा मारत बसायचे.

नव्या मुलीला बाई एकच प्रश्न विचारायच्या, "घरची आठवन आली तं रडतं का जेवन सोडतं? रडली तं चालते. जेवन सोडलेलं आपल्याले चालत नाई." आडनाव कधीच विचारायच्या नाहीत. दुसऱ्या वर्षी हिंगणघाटची शबाना आली, तिला आधी किती दारांवरून परत पाठवलं होतं कोण जाणे. ती सवयीनं स्वतःच नाव, गाव सांगू लागली, तर बाई म्हणाल्या, "ते राहू दे, गादी आनली का?" त्या रात्री जेवताना शबाना रडली आणि दोन भाकरी जास्त जेवली.

बाई अशा का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. समुद्रपूरला यजमानांची बदली झाली तेव्हा त्यांना भाड्याचं घर मिळालं होतं. सामान लावून झालं, चूल पेटली, आणि मालकिणीनं आडनाव विचारलं. "ते बाई म्हने, आमचे पाहुने येऊन राह्यले, खोली लागते. प्रदीप मांडीवर होता माह्या. शिजत असलेल्या भाताचा गंज चुलीवरून उचलला आन् स्टँडवर जाऊन बसलो." हे सांगताना त्या शेवया मोडत होत्या, हात थांबला नाही. "तवाच ठरवलं, आपलं घर झालं का कोनालेच इचारायचं नाई..."

शिक्षण झालं, लग्न झालं, सावंगीतच नर्सिंग शिकवायची नोकरी लागली. वर्ध्याला दोन खोल्यांत आमचा संसार होता. बाईंचे गुडघे गेले, जिना चढणं कधीचंच बंद झालं, आणि प्रदीपनं घर विकायचं काढलं. तोवर सावंगीतल्या जागांना भाव आला होता. दलाल एका व्यापाऱ्याला घेऊन आला, त्याला तिथं मुलींचं हॉस्टेल करायचं होतं. घर बघून तो खुश झाला. निघताना दलालाला हळूच म्हणाला, "फक्त आधी कोनाचं होतं ते पोरींच्या मायबापाले सांगत नको जाऊ." बाईंचे पाय गेले होते, कान नव्हते गेले. खुर्चीवरून न उठता त्या म्हणाल्या, "घर पाहून झालं ना तुमचं? चपला घाला आता."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "मी इकत नाई, वंदना. तुले किरायानं देतो. तुम्ही नवराबायको खाली राहा, वर पोरी ठेवा. मी प्रदीपकडं जातो." प्रदीप चिडला, महिनाभर आईशी नीट बोलला नाही. पण बाई नागपूरला गेल्या आणि आम्ही इथे आलो. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, किती सहज सोडलं यांनी घर... तसं नव्हतं, हे नंतर कळलं.

मागच्या दिवाळीत त्या अचानक आल्या. मुली सुट्टीला गेल्या होत्या. म्हणाल्या, "आज मले वरच्या खोलीत झोपाचं हाय. घर बांधलं तवा वाटलं होतं, रिटायर झाल्यावर वर राहीन. पोरी येत गेल्या, राहूनच गेलं." मी आणि माझ्या नवऱ्यानं दोन्हीकडून धरून, प्रत्येक पायरीवर थांबत थांबत त्यांना वर नेलं.

सकाळी बघितलं तर त्या खिडकीशी बसल्या होत्या, खांद्यावर शाल. समोर कपाशीची शेतं फुटलेली, पांढरीच पांढरी, आणि त्यांच्यापलीकडे दवाखान्याच्या इमारती उन्हात आलेल्या. "काऊन वो," त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "इतक्या पोरी राहून गेल्या, इथून इतकं दिसते हे एकीनंबी सांगतलं नाई मले?"

"चला खाली, चहा झालाय," मी म्हटलं.

"वरच आन. आज मी किरायेदार हाव, तू मालकीन."

चहा आम्ही दोघींनी तिथंच घेतला. नंतर त्या नागपूरला गेल्या, त्या गेल्याच...

बाईंच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी प्रदीप म्हणाला, घर सध्या तुमच्याकडेच राहू द्या. वरच्या मुली शिक्षण संपवून गेल्या. आता प्रवेशाचे दिवस आहेत, आईबाप मुलींना घेऊन दारोदार फिरताहेत. खोली द्यायलाच हवी, बाईंना रिकामी चालली नसती. या आठवड्यात देईन. तोवर सकाळचा कप घेऊन मी वर जाते आणि खिडकीशी बसते. समोर खूप काही दिसतं. सांगायला मात्र कुणी नाही.