फक्त बेचाळीस

"माणसाची कंबर ही त्याची खाजगी गोष्ट आहे, ती चारचौघांत ओरडून सांगायची नसते," असं मास्तर म्हणाले होते. लग्नाला जेमतेम आठ दिवस झाले होते, आणि ते बायकोच्या हातात मापाची वही देत होते.

तेव्हापासून दुकानाची रीत ठरली. मास्तर टेप लावून आकडे सांगायचे, ती लिहायची. छाती, खांदा, बाही, उंची, सगळं खणखणीत आवाजात. कंबर मात्र चाळिसाच्या पुढे गेली की मास्तर दहा कमी करून सांगत आणि आधी एक शब्द जोडत. "फक्त चौतीस." ती मान वर न करता चव्वेचाळीस लिही. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे नव्या प्रेमानं बघे. तीस वर्षांत हे गुपित वहीबाहेर गेलं नाही. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, पण या वहिनीच्या पोटात काय काय आहे, म्हणजे किती जणांच्या पोटांची खरी मापं आहेत, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मास्तरांची आणखी एक खोड होती. नवा कोट घालून गिऱ्हाईक बाहेर पडलं की गळ्यात टेप, कानावर खडू अशा थाटात ते दहा पावलं त्याच्या मागोमाग चालत जायचे. कोट पाठीवर कसा पडतो ते चालत्या माणसावरच कळतं, असं त्यांचं म्हणणं.

मग एका सकाळी खडूची रेघ ओढता ओढता टेबलावरून खाली गेली, आणि तिच्या मागोमाग मास्तर. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. लुळा पडलेला हात महिन्याभरात ठिकाणावर आला. बोलणं आलं नाही. म्हणजे एक शब्द आला: काज. बटण घालायचं ते भोक, तेच काज. बाकी सगळी भाषा त्या भोकातून पलीकडे निघून गेली असावी.

डॉक्टरांनी पेन दाखवलं. "हे काय?"

"काज."

घड्याळ दाखवलं. काज. किल्ली दाखवली. काज. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या शर्टाचं बटण काढून खरोखरचं काज पुढे केलं. मास्तरांनी वाकून, निरखून पाहिलं, आणि ठामपणे म्हणाले, "चमचा."

डॉक्टर हसले, नर्स हसली, वहिनी तर भिंतीला टेकून हसली. हसली नसती तर काय केलं असतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

घरी आल्यावर ती काज शिकली. लांबट काज म्हणजे चहा. तुटक काज म्हणजे खिडकी लाव. एकापाठोपाठ तीन काजं म्हणजे तुला एवढंही कळत नाही का. पण दुकानात मास्तर वेगळेच. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते ट्रायलच्या पडद्यामागे जाऊन उभे राहत. पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत. गिऱ्हाईक चपलांकडे बघे, मग वहिनीकडे बघे, मग छताकडे बघे. कात्री खणात पडून होती. उंबऱ्याबाहेर तर मास्तर गेलेच नाहीत. बाहेर माणसं होती, आणि माणसं "काय मास्तर, कसं काय?" असं विचारतात.

धाकटा दीर रोज यायचा. मनानं वाईट नव्हता, उरकून टाकणारा होता.

"वहिनी, दादाला आता आराम द्या. एक तारखेपासून इथे रेडीमेड लावू. त्यात बोलायची भानगडच नाही, साइज कॉलरवर छापलेली असते."

"एक कोट होऊ द्या, भाऊजी. यांच्या हातचा एक. तो बसला नाही तर दुकानाची किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देते."

"माप कोण सांगणार? काज?"

याचं उत्तर बोलणं शिकवायला येणाऱ्या मुलीनं दिलं. तिनं सहज म्हटलं, "मास्तर, माझ्याबरोबर मोजा. एक..." आणि मास्तर सुटले. एक, दोन, तीन, चार, पार शंभरापर्यंत, एकही आकडा न गाळता, जणू मागे कुत्रं लागलंय. मुलगी म्हणाली, पाठ झालेलं कधीकधी वेगळ्या कप्प्यात राहतं. वहिनीनं धावत जाऊन टेप आणली, स्वतःच्या दंडाला गुंडाळली. "किती?" मास्तर म्हणाले, "काज." ती म्हणाली, "एक..." मास्तर एकापासून चढत गेले आणि बरोबर बारावर थांबले. टेपवर बारा होते. दोघं मग घरभर मोजत सुटली. दार, उशी, मांजराची शेपटी. मांजराला अकरा इंचांनंतर राग आला.

गुरुवारी बँडसाहेब आले. ते बँडचे म्होरके, ट्रंपेट वाजवायचे, आणि पोट असं की आधी पोट दुकानात शिरलं, मग साहेब. गेल्या कार्यक्रमात वरच्या सुरात त्यांच्या कोटाचं बटण उडून क्लॅरिनेटवाल्याच्या चष्म्याला लागलं होतं. काखेत लाल कापड होतं, एका कोटापुरतंच. तसं कापड आता निघत नाही, म्हणाले. मागून अख्खा बँड, ढोलासकट. आणि तमाशा बघायला दीर.

मास्तर पडद्याकडे वळले. वहिनीनं त्यांच्या गळ्यात टेप टाकली आणि कानाशी म्हणाली, "एक..."

मास्तर थांबले. मग टेप छातीभोवती फिरली. "एक, दोन, तीन..."

पाचावर ढोलवाल्यानं ठेका धरला. दहावर क्लॅरिनेटवाला मोजायला लागला, विसावर सगळा बँड. कपाटाच्या काचा थरथरल्या. समोरचा केस कापणारा अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन दारात आला आणि दोघंही मोजू लागले. "एकोणपन्नास, पन्नास!" मास्तर थांबले, ढोलाची थाप पडली, टाळ्या. बाही, तेवीस, टाळ्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत काहीतरी चेकाळलेलं.

मग कंबर आली. बँडसाहेबांनी दारातल्या गर्दीकडे पाहिलं. आता आपलं पोट सगळ्या गल्लीच्या तोंडी मोजलं जाणार, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. टेप फिरली, मास्तरांनी आकडा पाहिला आणि लगेच टेप ओढून घेतली.

"एक, दोन..." पुन्हा सगळे. तीस. पस्तीस. "चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस."

मास्तर थांबले. ढोल त्रेचाळिसावर एकटाच पडला.

"बेचाळीस?" दीर ओरडला. "हे पोट बेचाळीस? वहिनी, डोळे आहेत ना?"

"जळतोस का रे?" बँडसाहेब म्हणाले. "उतरलंय माझं."

मास्तर वहिनीकडे बघत होते. ओठ हलत होते. काज येणार, तिला वाटलं. मास्तरांनी मान हलवली, आलेला शब्द गिळला, पुन्हा तोंड उघडलं.

"फक्त," ते म्हणाले.

बँड खदखदून हसला. तीन महिन्यांत आलेला नवा शब्द, आणि कुणाला त्याचं काही नाही. वहिनीची पेन्सिल वहीवर अडून राहिली. हा तोच फक्त की चमच्यासारखाच एखादा भरकटलेला? पुन्हा मोजायला सांगावं, तर खरा आकडा सगळ्या गल्लीत फुटणार. आणि कापड एकाच कोटाचं.

तिनं मान वर न करता लिहिलं: बावन्न.

मास्तरांनी खण उघडून कात्री काढली.

दुसऱ्या दिवशी दिरानं वही चाळली. "दादा बोलला बेचाळीस, तुम्ही लिहिलं बावन्न! आता दोघांनाही डॉक्टरकडे नेतो."

"आधी कोट होऊ द्या," वहिनी म्हणाली. काजं तिनंच केली, सात. करताना प्रत्येक काजाला ती म्हणत होती, तू काज, तू काज, तू चमचा.

रविवारी सकाळी बँड पुन्हा दुकानात. बँडसाहेबांनी कोट चढवला. सातही बटणं आपापल्या घरी गेली. तरी खरी परीक्षा बाकी होती. त्यांनी ट्रंपेट ओठाला लावलं, छाती भरली आणि सगळ्यात वरचा सूर लावला. क्लॅरिनेटवाल्यानं चष्मा काढून खिशात टाकला. दीर पडद्यामागे गेला, खाली त्याचे बूट दिसत होते. सूर चढला, थांबला, तिथेच राहिला. बटणंही तिथेच राहिली.

"याला म्हणतात बेचाळिसाचा कोट!" बँडसाहेब गरजले.

दीर पडद्यामागून बाहेर आला. त्यानं कोटाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि तोंड उघडलं.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "ती खाजगी गोष्ट आहे."

त्यानं तोंड मिटलं. "रेडीमेडचं काय, कुठेही लावता येईल," तो पुटपुटला.

बाहेर ढोल सुरू झाला. बँडसाहेब पायरी उतरून रस्त्याला लागले, लाल पाठ उन्हात हलत निघाली. मास्तर दारापर्यंत आले. समोरचा केस कापणारा ओरडला, "काय मास्तर, कसं काय?"

मास्तरांनी टेप गळ्यात सारखी केली, कानावरचा खडू चाचपला, डोळे त्या पाठीवरून न हलवता केस कापणाऱ्याला हात केला, आणि काजसुद्धा न म्हणता उंबरा ओलांडून गेले.