रिकाम्या हातानं चालणं

हसनाबादच्या पुष्पाबाई बावन्न वर्षांत रिकाम्या हातानं कधी चालल्याच नव्हत्या. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, नाहीतर हातात विळा, काहीतरी असायचंच. अठ्ठ्याण्णव साली हृदयविकाराचा झटका आला. औरंगाबादच्या दवाखान्यात सहा आठवडे फिरत्या पट्ट्यावर चालवलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरी जाऊन झोपून राहिलात तर सगळं वाया. रोज चाळीस मिनिटं चालायचं. झपाझप. हातात ओझं नको."

घरच्यांनी मात्र खाटेवरून उठूच दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना दम लागला, तशा पुष्पाबाई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकाचे, धर्मराजचे, कॅनव्हासचे बूट पायांत घातले आणि कुणाला न सांगता भोकरदनच्या रस्त्याला लागल्या.

परतल्या तर दारात पन्नास माणसं! बाया तोंडाला पदर लावून उभ्या. आत कुणीतरी गळा काढलेला.

आपले कारभारी गेले! गर्दी सारत त्या पुढं घुसल्या, तर कारभारी ओट्यावर बसलेले. जिवंत. तोंड उघडं.

"धर्माची माय? कुठं गेल्ती तू?"

"चालायला."

"कशाला?"

"चालायलाच! अन् ही माणसं कशी काय? कोण गेलं?"

"अवं वैनी, तुमीच!" शेजारची नंदाबाई डोळे पुसत ओरडली. "मोकळ्या हातानं, कुणाशी न बोलता, तरातरा निघाल्या. बाईमाणूस असं कधी जातं? आमचा संपत म्हनला, हिरीकडं गेली. धर्मराज दोर बांधून हिरीत उतरलाय तिकडं!"

पुष्पाबाई तशाच विहिरीकडं वळल्या.

तेवढ्यात धर्मराज आला, नखशिखांत भिजलेला. आईला बघितलं आणि मटकन मातीतच बसला.

"उद्यापासून चालणं बंद," कारभारी कापऱ्या आवाजात म्हणाले. "बिलकुल बंद."

पुष्पाबाईंनी लेकाच्या डोक्यावरून पदर फिरवला. मग गर्दीकडं वळल्या.

"आईका सगळे. मी रोज चालणार. अशीच, मोकळ्या हातानं. ज्या दिवशी रस्त्यावर दिसणार न्हाई, त्या दिवशी जल्दी या. त्या दिवशी रडा."

कारभारींचं तोंड अजून उघडंच होतं. पण 'बंद' हा शब्द काही ते पुन्हा बोलले नाहीत.