नटावरचा ठिपका

दोन वर्षांपूर्वी गाडीची वॉरंटी संपली त्याच आठवड्यात लिफ्टवाल्यांनी जाहीर करून टाकलं की आता गाडीला परका हात लागणार नाही. गाडी त्यांच्या लेकीची. जावई परगावी नोकरीला, म्हणून लेक आपल्या मुलीला घेऊन बापाकडे राहायला आलेली. डोंगरापलीकडच्या इस्पितळात ती नर्स होती. नातीची शाळाही तिकडेच, त्यामुळे दोघी रोज सकाळी सातला वळणावळणाच्या रस्त्याने जायच्या. "बाबा, मी सर्व्हिसिंगला टाकते ना," असं ती एकदाच म्हणाली. त्यावर यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुन्हा विषय काढला नाही.

पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्टची देखभाल-दुरुस्ती केली होती, आणि त्यांच्या लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. हे ते विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सांगत. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्यावरही एका सहा मजली इमारतीची लिफ्ट त्यांच्याकडेच होती. तिथल्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या कुणाचा भरवसाच नव्हता. गेल्या गुरुवारीच ते तिथे दिवसभर खपून आले होते.

त्यांची एक रीत होती. नट पक्का आवळला की त्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा शेजारच्या पत्र्यावर. नट कणभर जरी फिरला तरी ठिपका तुटलेला दिसतो. ठिपका नाही तर काम झालं नाही, मग तुम्ही कितीही शपथा घ्या. नेलपॉलिश विकणारी बाई सुरुवातीला त्यांच्याकडे बघून हसायची. नंतर तिला सवय झाली.

रविवारी त्यांनी गाडी अंगणात घेतली. इंजिनचं जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, बॅटरीची टोकं घासली, प्रत्येक ठिकाणी ठिपका दिला. मग ब्रेक बघायला पुढचं डावं चाक काढलं. तेवढ्यात नेलपॉलिशची बाटली आटली, म्हणून कोपऱ्यावरून नवी आणली. चाक परत बसवलं, पाच नट हाताने फिरवले, जॅक उतरवला. एवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. "अहो, मोटर बंद करा आधी," शेजारचे टेलर भिंतीवरून ओरडले. लिफ्टवाले धावत गेले, मोटर बंद केली, येताना भिजले. मग अंघोळ केली, जेवले आणि झोपले.

सोमवारी सातला दोघी गेल्या. नातीने काचेतून हात हलवला. सव्वासातला ते हत्यारं आवरायला बसले आणि फळीवर नवी बाटली दिसली. कागदात गुंडाळलेली, झाकणाचं सील जसंच्या तसं.

 बाटली उघडलीच नाही म्हणजे ठिपका दिला नाही. ठिपका दिला नाही म्हणजे पाना लावलाच नाही. चाक नुसतं बोटांच्या जोरावर बसलेलं होतं, आणि पुढे डोंगराची सतरा वळणं होती.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा, पुन्हा. ती उचलणार नव्हती. गाडी चालवताना फोन डिकीतल्या पिशवीत ठेवायचा, हा नियम त्यांनीच घातलेला होता. एकदा तिने तो मोडला तेव्हा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. आता तोच नियम त्यांच्या कानात वाजत होता. इस्पितळात फोन केला तर तिकडची बाई म्हणाली, "अजून आल्या नाहीत. निरोप आहे का काही?"

काय निरोप देणार?

"टेलर, स्कूटर काढा."

टेलरांनी त्यांचा चेहरा बघितला आणि चहा तसाच ठेवून उठले. एरवी ते स्कूटर अशी चालवत, की सायकलवाले घंटा वाजवून पुढे जायचे. त्या दिवशी त्यांनीही मूठ पिळली. मागे बसलेले लिफ्टवाले प्रत्येक वळणावर मान वाकडी करून खाली दरीत बघत होते. कठडा धड दिसला की एक वळण सुटलं. नवव्या वळणावर रस्त्यात काळं काहीतरी पडलेलं दिसलं आणि त्यांनी टेलरांचा खांदा इतका दाबला की ते कळवळले. फाटकी ताडपत्री होती. देवा, माझा हात तोडून घे, पण त्या दोघी पोचू देत, असं ते मोठ्याने बोलत होते आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

इस्पितळाच्या मागच्या आवारात गाडी उभी होती. चारी चाकांवर, सरळ.

लिफ्टवाले चाकापाशी जमिनीवरच बसले. चष्मा पुसून पाहिलं तर पाचही नटांवर ठिपके होते. पण पांढरे नव्हते, गर्द लाल होते. अर्धे नटावर, अर्धे चाकावर, अगदी त्यांच्या रीतीने.

खिडकीतून त्यांना बघून लेक गणवेशातच खाली आली. "बाबा? तेवीस वेळा फोन? काय झालं?"

त्यांनी नटाकडे बोट दाखवलं.  ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"तुम्ही अंघोळीला गेलात की मी एकदा पाना फिरवून बघते."

"कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं होतील."

"सैल निघतात?"

"कधीतरी एखादा. काल पाचही होते." ती खाली बघून म्हणाली. "म्हणून या वेळी माझ्या नेलपॉलिशने ठिपके दिले. म्हटलं, तुम्हाला दिसले तर दिसले."

"मला सांगायचं तरी."

"कशी सांगू, बाबा? तुमच्याकडे दुसरं काय उरलंय?"

वरून कुणीतरी तिला हाक मारली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, संध्याकाळी बोलू म्हणाली आणि गेली. लिफ्टवाले तिथेच बसून राहिले. दोघी सुखरूप होत्या, नात शाळेत होती, आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो पडेना. दीड-दोन वर्षं, म्हणजे नोकरीचं शेवटचं वर्षसुद्धा त्यात आलं. गाडीला त्यांच्यामागे लेक होती. लिफ्टमध्ये त्यांच्यामागे कोण होतं?

त्यांना गुरुवार आठवेना. इमारतीत गेलेलं आठवत होतं, वरच्या मशीनच्या खोलीचं कुलूप आठवत होतं, कुणीतरी दिलेलं पाणी आठवत होतं. पाना आठवत नव्हता.

"चला घरी," टेलर म्हणाले. "पोरी ठीक आहेत. झालं गेलं सोडा."

"घरी नको. सहा मजलीकडे घ्या."

त्यांनी फोन काढला. नंबर दोनदा चुकला. या वेळी मात्र पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"लिफ्ट बंद कर," ते वॉचमनला म्हणाले. "आत्ता. कुणालाही चढू देऊ नकोस."

"का हो काका? काय बिघडलंय?"

"मला आठवत नाहीये," लिफ्टवाले म्हणाले.