वर्नेलाची इस्त्री

आमच्या मेम्फिसच्या गल्लीत वर्नेला पेटवेच्या तावडीतून एकही आई सुटलेली नाही. बाई विद्यापीठात संशोधक. आम्हा काळ्यांची दमेकरी मुलं गोऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त का दगावतात, हा तिचा विषय. चर्चच्या जेवणात तुम्ही कोंबडीची तंगडी तोंडात घातली, की हिचा "मुलाखत देणार ना?" हा प्रश्न आलाच. भरल्या तोंडानं नाही म्हणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

आया तिला सांगत, "पोराला धाप लागली की आधी चर्चचे, रविवारचे कपडे घालतो. घरच्या कपड्यांत गेलं की दवाखान्यात ताटकळत ठेवतात."

वर्नेला रागवायची. "बायांनो, आहात तशा निघा. कपड्यांपायी पोर हातचं जाईल."

त्या शनिवारी मी एका अंत्यविधीहून परतत होतो. काळा सूट, हॅट, पांढरे हातमोजे. मयतापेक्षा मीच जास्त सजलेलो. वर्नेलाच्या दारातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. तिचा सहा वर्षांचा टेरिक सोफ्यावर पुढे वाकून बसला होता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. पंप देऊन झाला होता, फरक नव्हता. आणि वर्नेला, केसांवर झोपायची टोपी तशीच, त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"अगं, काय चाललंय हे?"

"कॉलर राहिलीय फक्त, काका."

"आहात तशा निघा, असं कोण म्हणायचं?"

"ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी होतं." ती कॉलरवर इस्त्री फिरवतच राहिली.

मी पोर उचललं, गाडीत घातलं. ती मागं त्याला मांडीवर घेऊन बसली, पायात सपाता. वाटेत शिट्टी थांबली. मला हायसं वाटलं. मग आरशात तिचा चेहरा दिसला.

"काका, आता हवाच जात नाहीये. हाणा गाडी."

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. "या सर," म्हणाली आणि दार उघडलं.

तासाभरानं, तोंडावर मास्क लावलेल्या टेरिकची शिट्टी परत सुरू झाली. एवढं गोड मी चर्चमध्येही काही ऐकलेलं नाही.

वर्नेला हळूच म्हणाली, "काका, याची छाती बघून आत घेतलं, की तुमचा सूट बघून?"

मी हातमोजे काढून खिशात घातले.

"हा सूट यापुढे गाडीतच ठेवा," ती म्हणाली.

तो आता माझ्या गाडीत मागं टांगलेला असतो. तिच्या दारामागं इस्त्रीचा शर्ट असतो. टेरिक खोकला, की आम्ही दोघंही आधी त्या कपड्यांकडे बघतो.