बेडकाचं काळीज आणि पहिलं शील

बेडकाचं हृदय छातीतून काढून बशीत ठेवलं तरी चालत राहतं, हे मला सांगलीच्या कॉलेजात कळलं. नुसतं पुस्तकात वाचून नाही, डोळ्यांनी बघून. फक्त ते ज्या पाण्यात ठेवायचं त्या पाण्यात मिठाचं माप बरोबर पाहिजे. माझ्या पहिल्या खेपेला मी स्वयंपाकघरातली अक्कल चालवली. मीठ म्हणजे मीठ, असं म्हणून नुसतं साधं मीठ विरघळवलं आणि मोकळी झाले. हृदय थोडा वेळ कसंबसं चाललं, मग मरगळलं आणि थांबलं. सर मागे येऊन उभे होते. म्हणाले, "बाई, आमटी करताय का? पोटॅशियम कुठाय? कॅल्शियम कुठाय?" पोरं खो खो हसली. वर्गात आम्ही मुली मोजक्याच, त्यामुळे ते हसू आम्हालाच जास्त झोंबायचं. मला असा राग आला की मी ते माप जन्मात विसरले नाही.

सर शिकवायचे मात्र झकास. ते फळ्यावर एक वेडंवाकडं वर्तुळ काढायचे आणि म्हणायचे, ही पेशी. हिच्याभोवती एक पडदा असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. पडद्याच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हे साधे कण नव्हेत, विजेचा भार असलेले आयन. प्रत्येक ठोक्याला थोडं सोडियम आत घुसतं, थोडं पोटॅशियम बाहेर निसटतं. मग पडद्यातच एक पंप असतो, तो घुसलेल्याला बाहेर काढतो आणि निसटलेल्याला आत घेतो. दिवसरात्र हेच. आपण झोपलो तरी त्याला सुट्टी नाही. "आत-बाहेरचा हा फरक टिकवण्यातच जिवाची निम्मी ताकद जाते," असं सर म्हणाले, की मला घरात सकाळी उठून पुन्हा तेच झाडणारी, तेच सारवणारी माझी आई आठवायची.

दिवाळीच्या सुट्टीत कोरेगावला घरी गेले, ते हे सगळं डोक्यात घेऊनच. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीत आलेले आणि आता रेल्वेच्या फाटकावर कामाला. कपड्याला इस्त्री, मिशीला पीळ आणि शब्दाला शिस्त. दर रविवारी सगळी वस्ती समाजमंदिरात जमायची. आबा पुढे बसून वंदना म्हणायचे, बाकीचे त्यांच्या मागून म्हणायचे. त्रिशरण झालं की पंचशील. त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. बरेच लोक ते रविवारी म्हणायचे आणि सोमवारी विसरायचे. आबांना तसं जमत नव्हतं.

ह्याचा फटका बसला होता माझ्या आत्याला. आत्या शेजारच्याच घरात राहायची. तिचं धाकटं पोर तापानं फणफणलं तेव्हा तिनं जुन्या सवयीनं देवीला बोकडाचा नवस बोलून टाकला. पोर बरं झालं. बोकड आणला, दारात बांधला, सोयरेधायरे बोलावले आणि ऐन वेळी आबा आडवे आले. "पयलं शील तोंडानं म्हनायचं आन् हातानं बोकड कापायचा, आसलं माज्या दारात चालायचं न्हाई." आत्यानं आदळआपट केली, रडली, काही महिने आबांशी बोलणं टाकलं. पण बोकड वाचला. तो पुढं वर्षानुवर्षं तिच्या अंगणात बांधलेला असायचा, वाळत घातलेलं लुगडं चघळायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला शिंग मारायचा. आम्ही त्याला 'माफीचा साक्षीदार' म्हणायचो.

तर त्या दिवाळीत मी चुलीपाशी बसून आईला तोंडभरून सांगत होते, की बेडकाचं काळीज कसं हातावर घेतलं आणि ते कसं टुकटुक उडत होतं. आत्या पीठ मागायला आली होती. ती दारातच उभी राहिली. पीठबीठ विसरली आणि थेट ओसरीवर आबांकडे गेली.

"काय रं दादा? माजं बोकड सोडाय लावलंस. आन् तुज्या लेकीनं जित्या बेडकाचं काळीज काढल्यालं चालतंय व्हय?"

आबांनी मला हाक मारली. विचारलं, "खरं हाय का?"

"खरंय आबा. पण ते शिक्षणासाठी..."

"मारतीस का न्हाई, तेवढं सांग."

"मारते," मी म्हणाले. खोटं बोलायची आमच्या घरात सोयच नव्हती.

 आबा म्हणाले, त्यांना विचार करायला पाहिजे, आणि तोवर मी सांगलीला जायचं नाही.  आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बेडूक कापल्याशिवाय प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही तर पदवी नाही. आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. लोणंदचं एक स्थळ आधीपासूनच दारात घुटमळत होतं. मी चिडले, जेवण सोडलं, आत्याच्या नावानं बोटं मोडली. शेवटी म्हणाले, "आबा, आवं तुमी सोता येऊन बघा. बघितल्याबिगर फैसला देऊ नका." फौजेतल्या माणसाला हे पटलं. पाहणी केल्याशिवाय हुकूम नाही.

सुट्टी संपल्यावर आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. आबांनी कडक इस्त्रीचा खाकी शर्ट आणि टोपी घातली होती. सरांनी त्यांना खुर्ची दिली. आबा बसले नाहीत, उभ्यानंच विचारलं, "सर, बेडूक न मारता हिला पास करता ईल का?"

सर म्हणाले, "नाही हो. विद्यापीठाचा नियम आहे. मी काही करू शकत नाही." मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "आलात तर बघून तरी जा."

सकाळच्या वर्गासाठी काढलेलं एक हृदय बशीतल्या द्रावणात होतं. करवंदाएवढं, आणि चालू होतं. आबा वाकून बघत राहिले.

"ह्येचा बेडूक कुठं हाय?"

"तो गेला," सर म्हणाले.

"आन् ह्ये चालतंय? कुनाच्या हुकमानं?"

सरांना हा प्रश्न फार आवडला. म्हणाले, हुकूम देणारं कुणी नाही. नुसती आयनांची ये-जा आहे, पडद्याच्या आत आणि बाहेर. त्यांनी मला सांगितलं, करून दाखव. मी बशीत पोटॅशियमचं द्रावण घातलं. आत-बाहेरचा फरक मोडला. हृदय मंद झालं, सैल पडलं, थांबलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कुणाच्या मयताला काढावी तशी.  मी घाईघाईनं ते द्रावण ओतून टाकलं, बरोबर मापाच्या पाण्यानं हृदय धुतलं, पुन्हा धुतलं. काहीच होईना. मनात म्हटलं, आता मेले, आज नेमकं हे दगा देणार. आणि मग एक ठोका पडला. थोड्या वेळानं दुसरा. मग ते आपलं पहिल्यासारखं सुरू झालं.

आबांनी विचारलं, "ह्यो पडदा भाईर काढल्यालं पुना आत येऊ देतो?"

"प्रत्येक ठोक्याला," सर म्हणाले. "नाहीतर ठोका पडणारच नाही."

"मग आमच्या गावच्या वेशीपरास तुमचा पडदा बरा," आबा म्हणाले. सर हसायला लागले आणि मधेच त्यांचं हसू थांबलं. आमची वस्ती वेशीबाहेर होती, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी आबांसाठी चहा मागवला आणि स्वतःच्या हातानं कप पुढं केला.

स्टँडवर एसटीत चढताना आबा म्हणाले, "परीक्षा दे." बस्स, तेवढंच. मी तर हवेत होते. वाटलं, जिंकले! विज्ञानानं आबांना पटवलं! खोलीवर येऊन मैत्रिणींना भेळ खाऊ घातली.

पुढं दोनेक महिन्यांनी घरी गेले. रविवारी समाजमंदिरात बायकांच्या बाजूला आत्याशेजारी बसले. मेणबत्त्या लागल्या, उदबत्ती लागली, त्रिशरण झालं. आणि पहिल्या शीलाशी आबा गप्प झाले. काही क्षण नुसते हात जोडून बसले आणि मग दुसऱ्या शीलापासून पुढं म्हणायला लागले. सगळेही निमूटपणे त्यांच्या मागून दुसऱ्यापासून म्हणाले. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हणजे ही त्यांच्या सवयीची गोष्ट झाली होती.

मी आत्याला कोपरानं ढोसलं. "आबा विसरले का गं?"

"इसरतोय कसला!" आत्या कुजबुजली. "सांगलीसनं आला तवापास्नं ह्येच चाललंय. म्हनला, माज्या परवानगीनं जीव जातोय, तवर मला ते शील म्हनायचा हक न्हाई. बाकीच्यास्नी म्हनला, तुमी म्हना. पन त्येच्याबिगर कोन म्हनतंय? आमी बी गपच बसतो." आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मी उगाच बोलले गं त्या दिशी."

मला आधी संताप आला. सगळ्या वस्तीसमोर दर रविवारी माझं पाप मांडून ठेवलं होतं की! वंदना संपल्यावर आबा कामावर गेले, मागोमाग मीही तणतणत फाटकावर गेले. आबा हिरवं निशाण गुंडाळत होते.

"एवढंच होतं तर तुम्ही मला नाही म्हणायचं होतंत," मी म्हणाले.

आबांनी निशाण नीट जागेवर ठेवलं. "न्हाई म्हनलो आसतो तर तू घरात बसली आसतीस. त्ये बी जीव मारनंच की, बाय. दोन्हीतलं येक माज्या अंगावर घ्यायचं हुतं, त्ये घेतलं."

 मी तिथंच रुळांच्या कडेला बसले आणि मनसोक्त रडले. आबांनी मला रडू दिलं. पुढची गाडी आली तेव्हा मात्र म्हणाले, "ऊठ, धूर डोळ्यात जाईल."

परीक्षेतलं शेवटचं हृदय माझ्या हातात अगदी नीट चाललं. परीक्षकांनी बघितलं, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी हात धुतले, सामान बांधलं आणि घरी आले. आबांना सांगितलं, "झालं. आता पुन्हा नाही." पुढं सातारच्या शाळेत मी आयुष्यभर आयन आणि पडदा शिकवला, तो फळा, खडू आणि मिठाच्या पाण्यात टाकलेल्या बटाट्याच्या फोडींवर. बेडकाला कधी हात लावला नाही.

परीक्षेहून घरी आले त्याच्या पुढच्या रविवारी समाजमंदिर गच्च भरलं होतं. आत्यानं सगळ्यांना सांगितलं असणार, तिच्या पोटात काय राहतंय! त्रिशरण झालं. सगळे थांबले. आबा जोडलेल्या हातांकडेच बघत राहिले. बायकांच्यातून आत्या मोठ्यांदा म्हणाली, "म्हन की रं दादा! माजं बोकड बी वाट बघतंय." सगळीकडे हशा पिकला आणि त्या हशातच आबांनी पहिलं शील म्हटलं. मागून सगळ्या वस्तीनं म्हटलं.

मग आबा दुसऱ्या शीलाकडे जाईनात. हात जोडलेले, डोळे मिटलेले, नुसते बसून राहिले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला कळायला जरा वेळ लागला. सगळ्यांबरोबर माझं म्हणणं झालंच नव्हतं, मी पदरात तोंड खुपसून रडत होते, आणि एवढ्या आवाजांतून आबांना ते कळलं होतं. ते माझ्यासाठी थांबले होते. मी पदरानं नाक पुसलं आणि सगळ्या समाजमंदिरात एकटीनं पहिलं शील म्हटलं.

आबांनी दुसरं सुरू केलं.